मामांच्या वाटणीचा युरोप

एम.ए.ला बसायची कल्पना माझ्या सासऱ्यांची. मी तेव्हा अंघोळ करून केस विंचरले तरी आजचं काम झालं असं समजणारी बाई होते. प्रभुलिंग, म्हणजे माझा नवरा, तापाचं निमित्त होऊन आठवड्याभरात गेला होता. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या त्या घरात मी आणि मामा असे दोघंच उरलो. भाऊ न्यायला आला होता, पण मी गेले नाही. लोक काही दिवस बोलले, मग त्यांनाही कंटाळा आला.

सासऱ्यांचं नाव सिद्धप्पा, मी त्यांना मामा म्हणते. जन्म पोस्टात गेला, निवृत्त झाल्यावर करायला काही नाही. एक दिवस ते दूरशिक्षणाच्या दोन जागा ठरवूनच आले, एक माझी, एक त्यांची. एकटीला पाठवलं तर ही पळून येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विषय इंग्रजी, आणि त्यात युरोपियन साहित्याचा एक पेपर. रेनेसाँ, एनलायटनमेंट, रोमँटिसिझम. पुस्तकं उशीएवढी जाड. रजा संपली की मी दिवसभर शाळेत शिकवणार आणि मामांचे डोळे चार पानांत दुखणार, तेव्हा एवढं सगळं दोघांनी वाचणं कठीणच होतं. म्हणून आम्ही युरोपची वाटणी केली. रेनेसाँ आणि एनलायटनमेंट मामांकडे, रोमँटिसिझम माझ्याकडे. संध्याकाळी मी भाकरी थापायची, मामा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून आपल्या वाटणीचं सांगायचे, आणि मग मी माझं.

मामा सांगायचे मात्र झकास. इटलीतला सरदार असा उभा करायचे की वाटावं, हा कालच नवी पेठेत कापड घ्यायला आला होता. एनलायटनमेंटवर तर त्यांचा जीवच जडला. माणसानं आपल्या डोक्यानं विचार करावा, कुणी मोठा सांगतो म्हणून मान डोलावू नये, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. शेजारचे ईश्वरप्पा काका कट्ट्यावर बसलेले असायचे. त्यांनाही ऐकू जावं, असा त्यामागे डाव असणार.

माझ्या वाटणीची अडचण वेगळी होती. रोमँटिक कवी म्हटलं की विरह आला, तळमळ आली. विधवा सुनेनं तव्यावरची भाकरी उलटत सासऱ्याला काय सांगायचं, की मामा, हा माणूस म्हणतो तिच्यावाचून मला श्वास घेववत नाही? मी ते सगळं गाळायची. डोंगर सांगायची, धुकं सांगायची, पडके किल्ले आणि वारा सांगायची. मामा जांभया द्यायचे. एकदा म्हणाले, ही मंडळी लई रिकामटेकडी दिसतात, नुसते डोंगर बघत बसतात. मी म्हटलं, असतील.

याच दिवसांत महेश्वरनं मला विचारलं. तो आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. शांत माणूस, फळ्यावरची चूक पोरांनी दाखवली तर त्यांना धन्यवाद म्हणणारा. त्याला टेंभुर्णीच्या कॉलेजात नोकरी लागली होती आणि जूनमध्ये जायचं होतं. लग्न करून दोघं जाऊ या का, असं त्यानं सरळ विचारलं. मला हो म्हणायचं होतं. फार हो म्हणायचं होतं. पण ते मामांना सांगणार कोण? ज्या घरात मी चुंबन हा शब्द कवितेतलासुद्धा उच्चारत नव्हते, तिथं हे कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि मी गेले की मामांच्या सोबतीला भिंतीच तेवढ्या राहणार होत्या.

त्याच आठवड्यात मामांनी मला एक फ्रेंच गोष्ट सांगितली. एक तरुण विधवा सासऱ्यापाशी राहत असते. सासरा मोठा विद्वान. तो तिला वाचायला शिकवतो, दुर्बिणीतून ग्रह दाखवतो, वाद घालायला लावतो. गावातला एक घड्याळजी तिला मागणी घालतो. ती पुष्कळ विचार करते आणि नाही म्हणते. सासऱ्याच्या ग्रंथालयातच राहून उरलेलं आयुष्य ज्ञानाला वाहते. मामा त्या दिवशी शेवट फार घाईनं सांगून उठले. मी करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि ठरवलं की महेश्वरला नाही म्हणून सांगायचं. इतक्या शहाण्या बाईनं नाही म्हटलं, तर आपण कोण लागून गेलो?

महेश्वरला ते सांगायचा धीर मात्र होईना. आज सांगू, उद्या सांगू करत एम.ए.च्या संपर्कवर्गाचा रविवार आला. तिथं प्रत्येकानं एकेका साहित्यकृतीवर बोलायचं होतं. मी उभी राहून एका जुन्या इटालियन प्रहसनाचं कथानक सांगितलं. म्हातारा व्यापारी, त्याची तरुण बायको आणि तिला गाणं शिकवणारा मास्तर. शेवटी बायको गाण्याची तयारी पक्की करायला मास्तरांच्या गावी जाते आणि नवरा तिला वेशीपर्यंत पोचवायला येतो, असं मी अगदी ठणठणीत आवाजात सांगितलं. वर्ग हसून लोटपोट झाला. शिकवणाऱ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, अहो, ती खिडकीतून दोरानं उतरून मास्तरबरोबर पळून जाते, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी मागं वळून बघितलं. शेवटच्या बाकावर मामा एकटक पंख्याकडे बघत होते.

परत येताना स्कूटर मी चालवत होते. मागं बसलेले मामा पुटपुटले की सुनेपुढं असलं कसं बोलायचं. मला राग आला होता आणि हसूही येत होतं. सात रस्ता चौकात पोचेपर्यंत हसूच वरचढ झालं. मीही कबूल केलं की माझ्या डोंगरांच्या आड बरीच माणसं लपवून ठेवली आहेत. मग दोघंही हसलो. पण त्या दिवसापासून मामांच्या वाटणीचं मी स्वतः वाचायला घेतलं.

वाचताना माझी भरपूर करमणूक झाली. मामांनी चुंबनांचे नमस्कार केले होते. एका राणीचा प्रियकर त्यांच्या कृपेनं तिचा मावसभाऊ झाला होता. हसत हसत मी त्या फ्रेंच गोष्टीपर्यंत आले.

पुस्तकात ती हो म्हणते. भर सकाळी, सगळ्या गावादेखत, चर्चमध्ये लग्न लावून ती घड्याळजीबरोबर गाडीत बसते. मी ते पान पुन्हा वाचलं. ह्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. खिडकी नव्हती की दोर नव्हता.

मामा गॅलरीत शेंगा फोडत बसले होते. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

"मामा, ह्यात गाळण्यासारखं काय होतं?"

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ही गोष्ट परीक्षेला विचारत नाहीत.

मग माझा तोल गेला. आपल्या डोक्यानं विचार करा म्हणून सगळ्या गल्लीला ऐकवता आणि माझ्या डोक्यात खोटा शेवट भरता, असं मी म्हणाले, आणि चांगलंच मोठ्यानं म्हणाले. ईश्वरप्पा काका कट्ट्यावरून उठून आत गेले. त्या बाईच्या भरवशावर मी नाही म्हणायला निघाले होते, आणि ती तर केव्हाच गाडीत बसून गेली होती.

"मला महेश्वरशी लग्न करायचंय," मी म्हटलं. सासऱ्याच्या तोंडावर म्हटलं.

मामांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"तो शाळेतले पेपर द्यायला घरी आलता की, तवाच कळलं मला," ते म्हणाले. "ठरवून न्हाई केलं गं. शेवटापाशी आलो आन् तोंडातून दुसरंच गेलं." मग पुस्तकाकडे बोट करून म्हणाले, "ह्यात सासरा हाय बघ. ती गेल्यावर त्याचं काय झालं, ते लिवलंच न्हाई. लई शोधलं मी. पान उलटलं तर दुसरीच गोष्ट चालू."

मी पुस्तक ओढून घेतलं आणि बघितलं. खरंच होतं. गाडी निघते, म्हातारा दारात उभा राहतो आणि गोष्ट संपते. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं होतं, पण म्हाताऱ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी त्या बाईबरोबर गाडीत बसून निघून गेले होते. माझा सगळा राग ओसरला.

मी तिथंच फरशीवर बसले. टेंभुर्णी म्हणजे काही फ्रान्स नव्हे मामा, एस.टी.त बसलं की आलं, असं काहीबाही म्हणाले. तुम्हीही चला, असंही म्हणाले. ते मानेनंच नाही म्हणत राहिले. राहते मी इथंच, असं शेवटी माझ्या तोंडून निघालं, आणि त्या क्षणी ते खोटंही नव्हतं.

"गप," मामा म्हणाले. "माझ्याकडं बघून न्हाई म्हणू नको. म्हणायचं तर तुझं तू म्हण."

मी म्हटलं, माझं मी हो म्हणते.

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले, तेही न लपवता. मग पोस्टातल्या जुन्या आवाजात कामाचं बोलायला लागले. रविवारी महेश्वरला आणि त्याच्या आईला जेवायला बोलवायचं. माझ्या भावाला ते स्वतः फोन करणार होते. मी विचारलं, बोलणी कोण करणार? सासऱ्यानं सुनेचं लग्न ठरवायचं, हे त्या लोकांना कसं वाटेल?

"सासरा म्हणून कोण बसतंय?" मामा म्हणाले. "मी मुलीकडचा म्हणून बसणार."