फ्रिजबाहेर काढलेला लसूण

मी एक जुना लसूण आहे, मित्रांनो, आणि माझ्यात काहीही खोट नव्हती हे आधीच सांगून टाकतो. मी गोल, गुळगुळीत, एकाच पाकळीचा दिसतो म्हणून राजाजीनगरातल्या या घराने मला नाही नाही ते ऐकवले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी मूळचा हिमाचलातला. आमच्या गड्ड्यात मधोमध एक ताठ दांडा असतो आणि त्याच्याभोवती टपोऱ्या पाकळ्या. हर्षने सहलीहून आमचा एक गड्डा आपल्या मामासाठी आणला. हे मामा म्हणजे नरसिंहराव, निवृत्तीनंतर गच्चीवर कुंड्या फुलवणारे. बेंगळुरूत आम्हाला पुरेशी थंडी मिळत नाही. म्हणून लावण्याआधी दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे, तरच नव्या गड्ड्यात पाकळ्या फुटतात, हे त्यांनी नीट वाचले होते. भाद्रपदात त्यांनी आम्हाला कागदी पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवले.

पण चातुर्मास चालू होता. त्यांची थोरली बहीण अहल्याक्का या महिन्यांत लसणाला शिवत नाही. देवाच्या नैवेद्याचे दही ज्या फ्रिजमध्ये, तिथे आम्ही कसे चालणार? दुसऱ्याच दिवशी तिने पिशवी चिमट्याने उचलून शेगडीवरच्या फळीवर ठेवली. भावाला वाईट वाटेल म्हणून बोलली मात्र नाही. फ्रिज उघडणे हे तसेही तिचेच काम, त्यामुळे त्यांना पत्ताच लागला नाही. दोन महिने आम्ही फोडणीच्या धगीत काढले. कार्तिकी एकादशी उलटली आणि पिशवी गुपचूप जागेवर गेली.

चार दिवसांनी आम्हा सहा पाकळ्यांना कुंड्यांत लावले. आम्ही जीव तोडून वाढलो. पाती हिरवीगार झाली. मधला दांडा कधी वर येतो ते दाखवायला नरसिंहराव शेजाऱ्यांना गच्चीवर आणत. दांडा आलाच नाही. मार्चमध्ये त्यांनी आम्हाला उपटले, तर सहाही जण असे सबंध गोल निघालो. जातच फसवी आहे, असे म्हणून त्यांनी आम्हाला सारात टाकायला स्वयंपाकघरात धाडले. धग सोसली आम्ही आणि फसवेही आम्हीच! मला तोंड असते तर मी त्या घराला चांगले सुनावले असते.

आठवड्याभरात माझी पाचही भावंडे सारात गेली. सहावा मी. अक्काने मला खलात ठेवले, बत्ता उचलला, तेवढ्यात बाहेर नरसिंहराव फसवा लसूण आणल्याबद्दल फोनवर हर्षला झापताना ऐकू आले. तिचा हात थांबला. मला मुठीत घेऊन ती बाहेर गेली.

“नरसिंहा, पोराला बोलू नकोस. लसूण मी बाहेर काढला होता. चातुर्मास होता.”

“मग सांगायचं होतंस, अक्का.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आणि आता स्वल्प कमी वाटतंय का?”

तिने मला त्यांच्या हातात दिले. एकपाकळी लसूणही थंडी देऊन पुन्हा लावता येतो, त्याचा पुढे भरला गड्डा होतो, हे त्यांना ठाऊक होते.

आज पुन्हा भाद्रपद आहे. देवाचे दही वरच्या कप्प्यात असते आणि मी खाली, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. सोवळ्यातली अक्का रोज सकाळी पळीच्या टोकाने माझा डबा आत ढकलते आणि किती आठवडे राहिले ते भावाला विचारते.

मित्रांनो, कोणाचे काही बिघडले तर त्याची जात काढण्याआधी त्याला कुठे ठेवले होते तेवढे विचारा. माझ्या पाच भावंडांच्या वेळी ते कोणीच विचारले नाही.