दोन पानांत मावलं तेवढं

शर्मिला खंडागळेच्या प्रबंधाला विद्यापीठाचं पारितोषिक मिळालं, तेव्हा कामोठ्याच्या त्यांच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. प्रबंध कशावर आहे हे मात्र तिच्या आईनं शेजारणींना नीट सांगितलं नाही. बायकांच्या तब्येतीवर आहे, एवढंच ती म्हणाली. खरा विषय चारचौघींत काढण्यासारखा नव्हता. पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या लहान लहान गाळ्यांमध्ये लेबलं चिकटवणाऱ्या, रबर कापणाऱ्या, खोकी भरणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जवळपास जायला संडास नसतो. त्यानं त्यांच्या शरीराचं काय होतं, हे शर्मिलानं काही वर्षं त्यांच्यात उठून-बसून शोधलं होतं.

प्रबंध ग्रंथालयात गेला आणि तिथंच राहिला. दीडेक वर्षानं पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक सोयींचा फेरविचार करायला एक समिती बसली. तिचं काम पाहणाऱ्या अधिकारी बाई, अरुणा सबनीस, यांनी कुठूनसा तो मिळवला आणि शर्मिलाला बोलावणं धाडलं. अरुणाबाई निवृत्तीला आलेल्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, समितीतली माणसं जाडजूड काही वाचत नाहीत. दोन पानांत लिहून द्या. काय करायचं, कोणी करायचं आणि नाही केलं तर काय होईल.

शर्मिलानं बारा पानं नेली. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'बहुधा', 'काही अंशी', 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असं काहीतरी लोंबत होतं. अरुणाबाईंनी ती तिच्यासमोरच वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे सगळं खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण यात मी सही कशावर करू?"

पानं परत घेऊन शर्मिला निघाली ती थेट ऐरोलीला, तिचे मार्गदर्शक नंदकुमार सर यांच्या घरी. सरांनी आयुष्यभर कामगारांच्या आरोग्यावर संशोधन केलं होतं. फुफ्फुसांवर, कानांवर, त्वचेवर. त्यांचे अहवाल सगळ्यांनी वाखाणले होते, आणि एकाही अहवालामुळे कुठल्या कारखान्याची एक खिडकीसुद्धा रुंद झाली नव्हती. हे ते स्वतःच सांगत, हसून. पण ते हसणं ऐकवत नसे.

सरांनी बारा पानं चाळली आणि सुरुवात दुर्गाबाईपासून कर म्हणून सुचवलं.

दुर्गाबाई लेबलांच्या गाळ्यात होती. शर्मिला पहिल्यांदा पावण्यात गेली तेव्हा तिच्याशी बोलणारी पहिली बाई तीच. बाकीच्या जणींशी गाठ घालून दिली तीही तिनंच. प्रबंध लिहून व्हायच्या आधीच दोन्ही किडन्या निकामी होऊन ती गेली होती.

"पहिल्याच ओळीत तिचं मरण लिही," सर म्हणाले. "संडास नव्हता म्हणून बाई गेली. मग समितीत कोणी तोंड उघडणार नाही."

"सर, तिला साखर होती. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खायची, त्यांनीही किडन्या बिघडतात. ती कशानं गेली हे मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही असं तू प्रबंधात लिहिलंस. बरोबर केलंस. पण प्रबंध परीक्षकांसाठी असतो, शर्मिला. माझं सगळं आयुष्य बरोबर लिहिण्यात गेलं. तुझं तसं जाऊ नये."

ते हे कपटानं बोलत नव्हते, आणि शर्मिलाला तेच जड जात होतं. खोटं बोल असं कोणी बेरकी माणूस म्हणाला असता, तर तिनं झटकून टाकलं असतं. इथं ज्यानं तिला आकड्यांशी इमान राखायला शिकवलं, तोच माणूस थकून सांगत होता की एकदा राखू नकोस.

चार-सहा दिवस तिनं कागदाला हात लावला नाही. मग दुर्गाबाईच्या नवऱ्याला विचारायचं ठरवलं. नाव त्यांच्या घरातलं होतं. त्यांना न विचारता ते वापरायचं तिच्या मनाला पटेना.

गंगारामकाका तुर्भ्याच्या बाजूला डोंगराच्या कडेच्या वस्तीत राहत. मूळचे हिंगोलीकडचे. एका गोदामावर वॉचमन होते. जयभीम झाला, चहा झाला. शर्मिलानं काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. समिती काय आहे, आपण काय मागणार आहोत, आणि काकूंचं नाव लिहिलं तर मागणीला जोर येईल असं सरांना का वाटतं. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"ती त्यानंच गेली का, पोरी?"

सरांच्या घरून निघाल्यापासून हाच प्रश्न शर्मिला स्वतःला विचारत होती. हो म्हटलं असतं तर या माणसाला राग धरायला काहीतरी मिळालं असतं, आणि तिला तिची पहिली ओळ.

"नाही सांगता येत, काका. त्यानं भर पडली असेल. पण त्यानंच गेली, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

काका म्हणाले, की सकाळी ती बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणायची, दाराशी मोगऱ्याची कुंडी होती तिच्यात ओतायची. आपण कधी विचारलं नाही. आपल्याला वाटायचं, कारखान्यात गार पाणी मिळत असेल.

"तिचं नाव नको लिहू," ते शेवटी म्हणाले. "उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली तरी ती मला सांगायची नाही. नवऱ्याला सांगायची लाज वाटायची तिला. आता ते साहेबलोकांच्या टेबलावर कशाला?"

काकांना जयभीम करून शर्मिला निघाली.

घरी येऊन ती लिहायला बसली, आणि या खेपेला हात अडखळला नाही. जे छातीठोकपणे सांगता येत होतं तेवढंच तिनं वर घेतलं. पाणी न पिणाऱ्या बायकांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो, ताप येतो, त्या कामाला येऊ शकत नाहीत. किडनीचं काय होतं हे अजून ठरलेलं नाही, असं तिनं एका सरळ वाक्यात लिहून टाकलं. मग दोन शिफारशी. गाळ्यांच्या रांगांमधल्या मोकळ्या जागांवर बायकांसाठी संडास बांधावेत आणि तिथं पगारी बाई नेमावी. आणि कामाच्या वेळेत, गरज पडेल तेव्हा मशीन सोडून जाण्याची मुभा प्रत्येक मालकानं द्यावी. बरोबर दोन पानं झाली.

अरुणाबाईंनी ती वाचली आणि दुसऱ्या शिफारशीवर बोट ठेवलं. बांधकाम मंजूर होईल, त्या म्हणाल्या, त्यात मालकांचं काही जात नाही. मशीन थांबवायचं म्हटलं की ते उठून उभे राहतील आणि मग पहिलीही जाईल. एक वाचवायची असेल तर दुसरी काढा. शर्मिलानं स्वतःच्या पेनानं ती शिफारस खोडली.

बैठकीत मालकांच्या वतीनं गोटीराम पाटील बोलायला उभे राहिले. ते पावणे गावातलेच. घरची शेती वसाहतीत गेल्यावर त्यांनी गाळा घेऊन पॅकिंगचा धंदा उभा केला होता.

"बायकांची किडनी यानंच जाते, हे शाबीत झालंय काय?" त्यांनी विचारलं. "तसं नाय, तर आमच्यावर ठपका कशाला?"

"नाही झालेलं," शर्मिला म्हणाली. "तसं मी लिहिलंच आहे. ताप येतो, बाई आजारी पडते, एवढं शाबीत झालंय. संडास बांधायला एवढं पुरे नाही का?"

गोटीरामशेठ खाली बसले. दोन रांगांसाठी बांधकाम मंजूर झालं. नंदकुमार सरांना तिनं फोनवर सांगितलं. त्यांनी तिला शाबासकी दिली.

बांधकाम व्हायला वर्ष गेलं. उद्घाटनाला शर्मिलाला कोणी बोलावलं नाही. ती आपली आपण एका दुपारी जाऊन आली. पांढऱ्या फरश्या, नळाला पाणी, दारांना आतून कड्या. सगळं जसं हवं तसं होतं. नेमलेली बाई स्टुलावर बसून होती आणि आत कोणी नव्हतं. शर्मिला थांबली. जेवणाच्या सुट्टीत तेवढी रांग लागली, इतकी मोठी की निम्म्या जणी तशाच परतल्या. पुन्हा सामसूम झाली.

परतणाऱ्यांत चांगुणाबाई होती. दुर्गाबाईच्याच टेबलावर काम करणारी, शर्मिलाच्या ओळखीची.

"बांधलंय चांगलं, ताई," ती म्हणाली. "पण मशीन सोडून यायचं कसं? सुपरवायझर विचारतो, कालपर्यंत थांबत होतीस ना, मग आज काय झालं?"

हे शर्मिलाला नवं नव्हतं. तिनंच ते शोधलं होतं, लिहिलं होतं, आणि मग तिनंच खोडलं होतं.

ती तडक अरुणाबाईंकडे गेली. खोडलेली शिफारस परत घालावी लागेल, नाहीतर बांधलेलं सगळं वाया आहे, असं तिनं सांगितलं. अरुणाबाईंनी ऐकून घेतलं. खोडायला लावणारी मीच होते, म्हणाल्या. तेव्हा दुसरी वाट दिसत नव्हती आणि आजही हुकूम काढायचे अधिकार माझ्या हातात नाहीत. मालकांना पटवावं लागेल, एकेकाला.

मग शर्मिलानं तिसऱ्यांदा लिहिलं, या वेळी एकच पान, मालकांसाठी. तापानं घरी बसणाऱ्या बायकांमुळे काम किती खोळंबतं, हे तिच्या अभ्यासात होतं. ते तिनं वर घेतलं. बायकांच्या दुखण्याची गोष्ट धंद्याच्या भाषेत सांगताना तिला बरं वाटत नव्हतं, पण तिनं सांगितली, कारण ती खरी होती.

पान घेऊन ती आधी गोटीरामशेठकडे गेली. त्यांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं.

"तवा तू नाय म्हनालीस, म्हनून मी खाली बसलो," ते म्हणाले. "खोटं बोलली असतीस तर मीटिंग मोडली असती मी. सांग, काय करायचं?"

जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसात आणखी दोनदा घंटा वाजवायची आणि तेवढा वेळ मशीन बंद ठेवायचं, असं ठरलं. बाकीचे मालक बघू म्हणाले.

पहिल्या सोमवारी शर्मिला गोटीरामशेठच्या गाळ्याबाहेर उभी होती. घंटा झाली, मशीन थांबलं आणि आतल्या बायका एकमेकींच्या आडोशानं बाहेर आल्या. चोरून काही करत असल्यासारख्या त्या भराभर चालत होत्या. हळूहळू चाल सैल झाली. कोणीतरी काहीतरी बोललं, बाकीच्या हसल्या.

शेजारच्या गाळ्यातली मशीनं चालूच होती. चांगुणाबाई त्यातल्याच एकावर, पाठमोरी, मान न वळवता काम करत होती. शर्मिलानं पर्समधून त्या पानाची दुसरी प्रत काढली आणि त्या गाळ्याच्या मालकाला भेटायला आत गेली.