चुंबकाला न चिकटलेलं नाणं

अंजनाबाईंच्या चक्कीवर फोनवरून पैसे आल्याचं सांगणारा बोलका डबा जेमतेम तीन महिने टिकला. डबा बोले तेव्हा चक्की चालू असे, आणि चक्की चालू असताना कानाशी तोंड नेल्याशिवाय माणसाचं बोलणंही कळत नसे. कोणाचे पैसे आले, कोणाचे नाही, हे बाईंना समजेना आणि विचारायला जीभ रेटेना. त्यांनी डबा परत केला आणि दारावर खडूनं लिहिलं, ‘फक्त नगदी’.

तेव्हापासून चौबे कॉलनीतली गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. लोकांच्या खिशात सुटे नसत आणि पाकिटातलं पीठ फोनवर मागवता येई. गाळ्याचे मालक गंगाधरराव समोरच राहत. एका सकाळी ते म्हणाले, “बाई, चक्की अर्धा दिवस बंदच असते तुमची. एक पार्सलवाला गाळा मागून राहिला. महिन्याअखेर सांगतो तुमाले.”

बाई “हव” म्हणाल्या. भंडाऱ्याहून रायपुरात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती आणि हा छत्तीसगढी शब्द त्यांच्या तोंडी बसला होता. त्याचा अर्थ होकारच असे असं नाही. कधीकधी नुसतं ‘ऐकलं’ एवढाच असे.

ही गोष्ट गल्लीतल्या मोनालीला कळली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. तिनं गल्लीतल्या बायकांना जमवून ‘नगदी इतवार’ ठरवला. चक्की, इस्त्रीवाले रामकृष्ण, सायकल दुरुस्ती आणि चहाची टपरी, हे चौघे रोखीवरच चालत. त्या रविवारी सगळ्यांनी त्यांच्याकडेच जायचं, गल्लीतल्या बुद्धविहारासमोर मांडव घालायचा, पोहे आणि मुलांची गाणी.

चक्कीवर पैशांसाठी खोळंबा नको म्हणून मोनालीनं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की दळणाचे पैसे धान्याच्या डब्यातच टाकून पाठवा. पूर्वी बायका पैसे चिंधीत गुंडाळून डब्याच्या कडीला बांधत. ते आता कोणाच्या लक्षात नव्हतं. पायलनं, गंगाधररावांच्या सुनेनं, विचारलं की नाणं दगडात गेलं तर? दाणे जिथून आत उतरतात तिथे खिळे धरायला मोठं चुंबक बसवलेलं मोनालीनं पाहिलं होतं. ते नाणीही धरेल, असं तिनं लिहिलं. अंजनाबाई ग्रुपवर नव्हत्या.

आणखी एक गोष्ट कोणी ध्यानात घेतली नाही. कॉलनीतले बरेच दुकानदार दहाचं नाणं घेत नसत, अंजनाबाई घेत. त्यामुळे घराघरात साठलेली दहाची नाणी त्या रविवारी चक्कीकडे निघाली.

सकाळी एक्केचाळीस डबे रांगेत लागले. बाईंनी इतके डबे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. तिसऱ्या डब्याच्या वेळी चुंबकाला रुपयाचं नाणं चिकटलं, तेव्हा कोणाच्या हातून पडलं असेल म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. बाराव्या डब्याला आतून कडाड आवाज आला आणि जळका वास सुटला. बाईंनी बटण बंद केलं. इतकी शांतता झाली की मांडवातलं गाणं ऐकू येऊ लागलं.

रामकृष्णांनी वरचा दगड उचलायला हात लावला. खाली दहाचं नाणं होतं, एका बाजूनं चेपलेलं, आणि दगडाचा टवका उडाला होता. मोनाली धावत आली. नाणं तिनं चुंबकाला लावून पाहिलं; ते घसरून खाली पडलं.

“काकी, गलती मेरी है,” ती म्हणाली. “इसमें लोहा ही नहीं है. मुझे पता होना चाहिए था.”

अंजनाबाईंनी नाणं उचलून पदराला पुसलं. “म्हणजे चुंबकालेही दहाचं नाणं चालत नाही तर,” त्या म्हणाल्या. कोणीतरी हसलं, मग मोनालीही.

बाईंनी छिन्नी-हातोडी काढली आणि दगडाला टाकी लावायला बसल्या. टवका उडाला तिथला भाग सपाट करून नव्या खाचा पाडायच्या, म्हणजे दोन-अडीच तासांचं काम. लोक डबे घेऊन जातील असं त्यांनी धरलंच होतं. पण बायकांनी घरून चाळण्या आणल्या, ताडपत्री अंथरली आणि उरलेले डबे चाळायला घेतले. सव्वीस नाणी निघाली. चहावाल्याचं दूध दोनदा संपलं. गंगाधरराव समोर खुर्ची टाकून बसले. इतकी वर्षं गाळा त्यांचा होता, पण चक्कीचं पोट त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी चक्की पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी आपला पितळी डबा न्यायला गंगाधरराव स्वतः आले. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. बाईंनी चक्की थांबवली, डबा पुढे केला आणि ते चेपलेलं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“तुमच्या दाण्यात दगडाची कचकच झाली होती, ते काढून टाकले,” त्या म्हणाल्या. “पीठ माझ्या गव्हाचं आहे. दळणाचे द्याचे राहिले तुमचे.”

गंगाधरराव नाणं उलटसुलट करत राहिले. बाराव्या डब्याचं नाव बाईंनी दिवसभर कोणाजवळ काढलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खिशातून पैसे काढून दिले.

“ज्वारी कधी आणू?”

“बुधवारी. ज्वारी मी बुधवारीच दळते, गव्हात मिसळू नये म्हणून.”

“या बुधवारी?”

“दर बुधवारी,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

“हव,” गंगाधरराव म्हणाले. मग तेवढ्यानं भागणार नाही हे त्यांनाच जाणवलं. “एकही डबा परत नाही गेला आज. पार्सलवाल्याले नाही म्हणून सांगतो.”

बाईंनी मान हलवली आणि पुढचा डबा ओतायच्या आधी आजच लागलेल्या सवयीनं दाण्यात हात घालून तळापर्यंत फिरवला.