या पत्त्यावर सेवा सुरू आहे

मुलानं अट घातली तेव्हाच मी त्याला सुनावलं होतं, की मी तुझी आई आहे, भाडेकरू नव्हे. न्हाणीघरात एकदा माझा पाय घसरला, तेवढं निमित्त साधून त्यानं आणि सूनबाईनं माझ्यासाठी त्यांच्या घरातली मागची खोली रिकामीसुद्धा करून ठेवली. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं ते असं, की मी माझ्या घरी इंटरनेट घ्यायचं, रोज सकाळी त्यांना पडद्यावर तोंड दाखवायचं. आणि या महिन्यात ते जमलं नाही, तर मुकाट्यानं बॅग भरायची. मुकाट्यानं! मी जन्मात कुठलीच गोष्ट मुकाट्यानं केलेली नाही.

फोन वापरायला मला कुणी शिकवलं नाही. चुकत, चडफडत मी तो आपला आपण वठणीवर आणला. कंपनीच्या पानावर पत्ता घातला की त्या घरी जोडणी मिळेल का ते कळतं. मी घराचा नंबर, गल्ली, सगळं नीट घातलं. उत्तर आलं : या पत्त्यावर सेवा सुरू आहे.

पुन्हा घातलं. पुन्हा तेच. घरात मी एकटी. नवरा गेल्यावर टीव्हीसुद्धा काढून टाकलेला. कंपनीतल्या मुलीला फोनवर चांगली झाडली, तर ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, जोडणी तुमच्याच नावावर आहे आणि रोज वापरात आहे. माणूस पाठवते बघायला."

वायरमन आला. पन्नाशीचा, खांद्यावर शिडी, पायपुसण्याकडे ढुंकूनही न बघणारा.

"आधी पाय पुसा."

"पुसतो, आजी. रागावता कशाला?"

"हा राग नाही. राग तुम्ही अजून पाहिला नाहीत."

खांबावरून आलेली वायर त्यानं बोटानं दाखवली. ती खिडकीच्या चौकटीतून आत शिरून, भिंतीच्या कडेकडेनं सरकत, मधल्या खोलीच्या बंद दाराखाली नाहीशी होत होती. तिच्यावर भिंतीचाच रंग होता. ती भिंत गेल्या वर्षी मीच रंगवली होती, स्टुलावर चढून, सूनबाईचे फोन न उचलता. आणि ब्रशचे ओरखडे वायरीवरही तसेच उमटले होते, माझ्या हाताचे, डावीकडे ओढलेले.

मी मधल्या खोलीची कडी काढून दार ढकललं. ते आतून लावलेलं होतं.

"अडकतं ते कधीकधी," मी म्हटलं. ते कधीच अडकत नव्हतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "चालू जोडणी असली की ग्राहकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे."

"ग्राहक तुमच्यासमोर उभी आहे."

"नोंदवलेल्या नंबरावरच विचारावं लागतं, आजी." त्यानं नंबर वाचून दाखवला. तो माझा नव्हता. त्यानं फोन लावून स्पीकर सुरू केला.

"कोण कडमडलंय आता?" पलीकडून बाई खेकसली.

माझे ओठ घट्ट मिटलेले होते. तरीही वायरमननं आधी माझ्याच तोंडाकडे पाहिलं.

"आजी, नवीन जोडणी हवी आहे का?" त्यानं फोनमध्ये विचारलं.

"आहे ती काय वाईट आहे? पाय पुसलेस का तू?"

"पुसले. घरात आणखी कोण आहे?"

"कोण असणार? मी आणि तू."

त्यानंतर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ही भवानी खोटं बोलतेय, म्हणून मी घसा फोडून ओरडले. तो खाली मान घालून पिशवीत पक्कड, पेचकस भरत राहिला, रस्त्यात दोन अनोळखी माणसं भांडताना आपण करतो तसा.

मी मुलाला फोन लावला.

"हॅलो, कोण?"

"कोण काय कोण? आई!"

परक्या बायकांशी बोलताना वापरतो तो अदबीचा आवाज काढून तो म्हणाला, "अहो बाई, माझी आई आत्ता माझ्यासमोर पडद्यावर बसलीय. घेतलंय तिनं इंटरनेट." मागे सूनबाई खळखळून हसत होती, माझ्याशी ती कधी तशी हसली नव्हती. "आमचं ठरलंय, ती तिच्या घरीच राहणार. तुम्ही तिला त्रास देऊ नका."

म्हणजे घर राखलं गेलं होतं.

वायरमननं शिडी खांद्यावर घेतली, बाहेरचं दार उघडून धरलं, आणि मी आधी बाहेर पडावं म्हणून तो तिथेच थांबून राहिला.