चार फुल्या

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. जुना, पण अजून कोरा. पोलादी, हातभर लांब, दोन्ही टोकांना स्क्रूसाठी दोन-दोन भोकं. न्हाणीघराच्या भिंतीला बसायचं आणि तोल जाणाऱ्या माणसाला आधार द्यायचा, एवढ्यासाठीच मला कारखान्यात घडवलं. शंभर किलो वजन पेलीन, असं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. त्याचा मला भारी तोरा होता.

मला विकत आणलं ते एका घड्याळजींनी. दुकान कायमचं बंद करून ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. काकूंचे गुडघे पार गेलेले. आंघोळ करून बाहेर येताना त्या भिंतीला तळवा टेकून एकेक पाऊल टाकत. घड्याळजींनी मला भिंतीला लावून माप घेतलं, भोकांच्या जागी पेन्सिलीने चार फुल्या मारल्या आणि मला परत खोक्यात ठेवलं.

"अहो, लावा की आता," काकू म्हणाल्या.

"भिंत आपली आहे का? मालकांना विचारतो, मग लावू."

शेजारचे सुतारकाका ड्रिल घेऊन आले. "चार भोकं तर पाडायची. कोण बघायला येतंय?"

पण घड्याळजींनी जन्मभर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कुणाच्या घड्याळाचं झाकणही उघडलं नव्हतं. सुतारकाका हात हलवत परत गेले. मला ओरडावंसं वाटलं, पण दांड्याचं ऐकतो कोण?

मालक परगावी असत, कारभार व्यवस्थापकांकडे. त्यांनी लेखी अर्ज मागितला. मग भिंतीचा नकाशा मागितला. घड्याळजींनी तो डोळ्याला भिंग लावून काढला.

नकाशा बघून व्यवस्थापक म्हणाले, "त्या टाइल्स बदलायच्याच आहेत हो. मग आता भोकं कशाला?"

"कधी बदलणार?"

"जागा रिकामी झाली की."

माणूस वाईट नव्हता, हसून बोलायचा. सरळ नाही म्हणाला असता तर घड्याळजींनी दुसरी वाट शोधली असती. पण तो फक्त "बघतो" म्हणाला आणि घोंगडं भिजत पडलं. घड्याळजी दर सोमवारी विचारून येत. काकू रोज फुल्यांवरच तळवा टेकत आणि म्हणत, "इथेच येणार ना तो?" मी तिथून दोन हातांवर, खोक्यात होतो.

एका सकाळी तळवा ओला होता, तो फुल्यांवरून सटकला. काकूंचा खुबा मोडला आणि दवाखान्यात नवव्या दिवशी त्या गेल्या. त्यानंतर दोन दिवसांनी पत्र आलं. 'परवानगी आहे. जागा सोडताना भोकं बुजवून द्यावीत.' घड्याळजींनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या खोक्यात ठेवलं.

महिन्याभराने ते लेकीकडे राहायला निघाले. जागा ताब्यात घ्यायला आलेल्या व्यवस्थापकांनी न्हाणीघराच्या भिंतीवरून हात फिरवला.

"एक भोक नाही कुठे. तुमच्यासारखे भाडेकरू मिळत नाहीत. एवढ्या फुल्या पुसून द्या फक्त."

घड्याळजींनी ओल्या फडक्याने तीन फुल्या पुसल्या. चौथीवर त्यांनी तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मी मात्र मागेच राहिलो, आता त्याच खोल्यांच्या माळ्यावर पडून आहे. टाइल्स अजून त्याच आहेत. मित्रांनो, तुमच्याकडे कुणी काही विचारायला आलं तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्याच दिवशी म्हणा. मी अजूनही शंभर किलो पेलू शकतो. काकूंचं वजन चव्वेचाळीस होतं.