डिकीवरची अक्षरं

लालासाहेब बाबरांना गावात कुणी नुसतं लालासाहेब म्हणून हाक मारली तर ते मान वळवायचे नाहीत. मेजर म्हटलं की लगेच वळायचे. आता कराडच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक गडी मेजरच असतो. लंगरात डाळ ढवळून आलेला मेजर, खेचरांना खरारा करून आलेला मेजर, आणि लालासाहेबांसारखा उभी नोकरी ट्रकाचं स्टेअरिंग धरून हवालदार म्हणून उतरलेलाही मेजरच. यात कुणी कुणाला फसवत नाही. गावाला खरं काय ते ठाऊक असतं आणि मेजरलाही असतं. लालासाहेबांच्या दारावर मात्र संगमरवरी पाटीसुद्धा लागली होती, 'मेजर लालासाहेब बाबर' म्हणून. इस्लामपूरच्या पाटीवाल्यानं गावकऱ्यांच्या तोंडचं ऐकून ती आपल्या मनानंच कोरली होती. लालासाहेब त्याच्यावर खेकसले, हे असलं काय कोरलंस म्हणाले, आणि मग ती पाटी एस्टीत मांडीवर धरून घरी आणली आणि दाराशेजारी बसवून टाकली.

एवढ्या मेजरचा पोरगा म्हणजे तोही फौजेतच जायचा, यात गावाला शंका नव्हती. वीरधवल मिसरूड फुटल्यापासून कालव्याच्या रस्त्यानं पळायचा. पण दोनदा भरतीत हुकला, आणि मग वयात बसेल अशी शेवटचीच खेप उरली. साताऱ्याच्या मैदानावर लालासाहेब कुंपणाबाहेर बाकीच्या बापांबरोबर उभे होते. बाकीचे बाप गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, पळ, पळ म्हणून. लालासाहेबांना असलं ओरडणं हलकं वाटायचं. शेवटच्या फेरीला पोरगं मागं पडायला लागलं तेव्हा त्यांना ते बघवेना. त्यांनी मैदानाकडं पाठ केली आणि चहाच्या गाड्याकडं बघत उभे राहिले. वळून बघितलं तोवर वेळ संपली म्हणून शिपायांनी दोरी आडवी धरली होती आणि वीरधवल दोरीच्या अलीकडं गुडघ्यावर हात टेकून उभा होता. घरी आल्यावर लालासाहेब एवढंच म्हणाले की पायात दम नाही. बस्स, तेवढंच. पण काही वाक्यं माणूस बोलून विसरतो आणि ऐकणारा जन्मभर उशाला घेऊन झोपतो.

पुढं वीरधवल सांगलीला गेला आणि माधवनगरला गाड्या नटवायचं दुकान टाकलं. सीटकव्हर, काचेवरची नावं, हॉर्न, आणि गाडीच्या पाठीवर लावायची चकचकीत अक्षरं. टर्बो, स्पोर्ट, असलं काहीबाही. साध्या गाडीला दांडग्या गाडीची अक्षरं लावून घ्यायला लोक लांबून यायचे. लालासाहेब त्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत. कुणी विचारलं तर पोरगा सांगलीला व्यवसायात आहे म्हणायचे आणि विषय बदलायचे.

खरा भडका उडाला तो वीरधवल स्वतःची गाडी घेऊन दारात आला तेव्हा. जुनी, पांढरी, सगळ्यांत लहान इंजिनाची गाडी. पण डिकीवर रुपेरी अक्षरांत टर्बो. लालासाहेबांनी गाडीला एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं आणि विचारलं, टर्बो कुठं आहे? वीरधवल हसला आणि खरं ते सांगून बसला. सांगलीतल्या हळदीच्या पेठेतले मदनशेठ, त्यांची गाडी खरीच दांडगी. पण माणूस जैन, साधा, दिखाव्याचा कंटाळा. गाडीत जोर किती आहे ते माझ्या पायाला माहीत आहे, पेठेला कशाला सांगायचं, म्हणाले आणि वीरधवलच्या दुकानात अक्षरं काढवून घेतली. तीच वीरधवलनं आपल्या गाडीला लावली होती.

"म्हंजे दुसऱ्याची उतरलेली फीत," लालासाहेब म्हणाले.

आणि त्यांनी दारात उभ्या उभ्या त्यांच्या पलटणीतल्या एका जवानाची गोष्ट सांगितली. सासुरवाडीला रुबाब दाखवायला त्यानं दुसऱ्याच्या पदकाची फीत छातीला लावली, रेल्वे स्टेशनावर मिलिटरी पोलिसांनी धरला, आणि बाहीवरची होती ती पट्टीही गेली. न मिळवलेलं अंगावर मिरवणाऱ्याला फौजेत चोर म्हणतात, आणि असल्या गाडीला माझा पाय लागायचा नाही, असं त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हे सगळं ते आपल्या संगमरवरी पाटीला पाठ टेकून बोलत होते, पण ते त्यांच्या ध्यानात कसं यावं?

तेव्हापासून वीरधवल यायचा तो गाडी वेशीजवळ लावून चालत घरी यायचा. लालासाहेब कुठं जायचे ते एस्टीनं. दोघांच्या मधे राहीबाई, म्हणजे वीरधवलची आई, तिचं नुसतं भरीत होत होतं.

अशात राहीबाईला दम लागायला लागला. चूल ते मोरी एवढं चाललं तरी ती उंबऱ्यावर बसायची. मिरजेच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाली आहे म्हणून सांगितलं आणि ऑपरेशनसाठी भरती व्हायचा दिवस दिला. लालासाहेब भाड्याची गाडी ठरवायला निघाले तर राहीबाईनं त्यांना थांबवलं. माझ्या पोराची गाडी असताना मी परक्याच्या गाडीतून मरायला जाणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. तुम्ही पण त्याच गाडीत माझ्याशेजारी बसायचं. नाहीतर मला मिरजच नको, मी हितंच बरी. बाई आयुष्यात कधी हट्ट करून बसली नव्हती, त्यामुळं त्या हट्टापुढं लालासाहेबांचं काही चालेना. पण गडी टणक. त्यांनी आपली अट घातली, आधी ती अक्षरं निघाली पाहिजेत.

वीरधवल म्हणाला, काढतो. पण थंड ओढली तर खालचा रंग सोलून येतो, दुकानात गरम वाऱ्याचं मशीन आहे, तिथंच नीट निघतील. मग राहीबाईनंच तोडगा काढला. जाताना वाट जरा वाकडी करायची, दुकानात थांबून अक्षरं काढायची आणि तिथनं मिरज. ती इतक्या चटकन बोलली की लालासाहेबांना संशय यायला हवा होता. पोराच्या दुकानाला बापाचे पाय लागावेत म्हणून बाई किती दिवस टपून बसली होती!

सकाळी उन्हं वर आल्यावर तिघं निघाले. आष्टा सोडल्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या. वीरधवल सावकाश चालवत होता तरी लालासाहेब मागच्या सीटवरून हळू घे, हळू घे म्हणत होते. राहीबाई त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसली होती.

दुकान लहान पण नीटनेटकं निघालं. भिंतीवर खिळ्यांना अक्षरं टांगलेली. बाहेर एक मरतुकडी व्हॅन उभी होती आणि तिचा मालक बिराप्पा, जतकडचा, शाळेची पोरं ने-आण करणारा, पाठीमागं टर्बो लावून घ्यायला आला होता. लालासाहेबांना ते बघून राहवेना. त्यांनी विचारलं, ही गाडी चढाला तरी चढते का, मग कुणाला फसवायला लावतोस हे? बिराप्पा रागावला नाही. तो व्हॅनच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाला, "कुनाला फसवू काका? पळत न्हाई हे मला म्हायती हाय, बघनाऱ्याला म्हायती हाय, पोरांनाबी म्हायती हाय. पन एवढी वर्सं राबतीया बिचारी. तिला कुनीतरी पळ म्हनाय पायजे का नगं?"

मग बिराप्पानं वीरधवलला विचारलं, हे कोण? वीरधवल मशीनची वायर सोडवत होता. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं वडील. हवालदार लालासाहेब बाबर. लडाखच्या घाटातनं ट्रक न्ह्यायचे. बर्फात सगळ्यांच्या गाड्या दरीला गेल्या, ह्यांची कवा गेली न्हाई."

हवालदार. कैक वर्षांत हा शब्द लालासाहेबांच्या कानावर पडला नव्हता. त्यांना चारचौघांत कुणीतरी टोपी उडवल्यासारखं झालं. बिराप्पा गाडीतल्या राहीबाईला पाणी द्यायला गेला तसं त्यांनी पोराला डिकीशी गाठलं.

"मेजर म्हनायला जीभ झडली व्हती व्हय रं?"

वीरधवलनं मशीन चालू केलं होतं आणि पहिल्या अक्षराखाली नायलॉनचा दोरा घालत होता. अक्षराची एक कड सुटली. त्यानं मशीन बंद केलं.

"आबा, हवालदार तुमी कमावलंय. मला त्येचं कवतिक हाय, म्हनून मी त्येच सांगतो. मेजर गावानं चिकटवलंय. त्ये काढा म्हनून मी कवा बोललो का तुमाला?"

दारावरची पाटी लालासाहेबांना आत्ता, इतक्या लांबून, पहिल्यांदा नीट दिसली. गावानं प्रेमानं लावली होती आणि ती लागल्यापासून ते ताठ चालत होते. खोटी होती आणि तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला. मग तुला हे कशाला लावावंसं वाटलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"तुमाला गावानं लावलं. मला कोन लावनार?" वीरधवल दोरा बोटाला गुंडाळत होता. "शेवटच्या फेरीला मी कुंपनाकडं बघितलं आबा. सगळ्यांचं बाप वरडत व्हते. तुमी पाठ करून उभं व्हता."

बाबरांच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. लालासाहेबांना वाटत आलं होतं की पोरानं ते बघितलंच नाही, पळताना कसं बघेल? आणि पोरगं पळता पळता बापालाच शोधत होतं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण तोंडातून शब्द निघायच्या आत बिराप्पानं हाक मारली. काकी बघा, असं कसं करायल्यात.

राहीबाईच्या कपाळावर घाम डवरला होता आणि ती छाती दाबून धरून तोंडानं श्वास ओढत होती. वीरधवलनं मशीन तिथंच टाकलं आणि स्टेअरिंगवर बसला. लालासाहेबांनी तिला खांद्याशी धरलं. गाडी कुपवाडच्या अंगानं मिरजेकडं लागली. समोर पुन्हा ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो. वीरधवल मधेच आरशातून मागं बघत होता. आता बाप हळू घे म्हणणार, याची तो वाट बघत असावा. लालासाहेबांना त्या आरशात पोराचे डोळे दिसले. मैदानावर हेच डोळे कुंपणाकडं वळले असणार.

"म्होरं बघ," लालासाहेब म्हणाले. "मी हाय मागं. पळव."

वीरधवलनं गाडी दाबली. लहान इंजिन रडकुंडीला आलं.

"पळव धवल्या. पळतीया ती. थांबू नगंस, डावीकडनं मोकळं हाय, काढ. पळव माझ्या राजा, पळ, पळ."

ते ओरडत होते. त्या दिवशी कुंपणाशी बाकीचे बाप ओरडत होते तसेच, गळ्याच्या शिरा ताणून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. राहीबाईनं त्या अवस्थेत डोळे किलकिले करून नवऱ्याकडं बघितलं आणि त्याचा हात घट्ट धरला.

गाडी काही उडाली नाही. होती तेवढीच पळाली, पण कुठं थांबली नाही. दवाखान्याच्या दारात रखवालदार आडवा आला तर लालासाहेबांनी असा काही हुकूम सोडला की तो दचकून बाजूला झाला आणि त्यानं विचारलं, कोण साहेब आपण?

"हवालदार बाबर. पेशंट माझी मालकीन हाय. गाडी माझ्या मुलानं आनलीया."

राहीबाईला आत नेलं, नळ्या लावल्या, इंजेक्शनं दिली. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की वेळेत आणलंत, आता श्वास ठीक आहे, ऑपरेशन करता येईल. बापलेक पायऱ्यांवर येऊन बसले. समोर झाडाखाली गाडी उभी होती, डिकी त्यांच्याकडं करून. पहिलं अक्षर एका कडेनं सुटून लोंबत होतं. वीरधवलनं ते बघितलं आणि पुटपुटला, आज राहिलंच, उद्या दुकानात जाऊन सगळी काढून टाकतो.

लालासाहेबांनी डिकीकडं बोट केलं.

"काढू नगं," ते म्हणाले. "त्ये पयलं तेवढं सुटलंय बघ. पडंल कुठंतरी. नीट चिकटवून घे."

वीरधवल व्हय म्हणाला आणि तोंड धुवायला नळाकडं गेला.