तिचं नाक

कामावर मला सगळे ‘नाकवाले’ म्हणतात. सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात सत्तावीस वर्षं मी गाळ सांभाळतोय. गाळ बिघडायला लागला की यांना नुसत्या वासावरून कळतं, अशी माझी ख्याती. डोंबलाची ख्याती. मला वासच येत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक सर्दी झाली, तिच्याबरोबर नाक गेलं ते गेलंच.

वास घ्यायची ती माझी बायको.

आमचं काम सांगतो. गावभरच्या सांडपाण्यातून खाली बसलेला गाळ एका मोठ्या बंद टाकीत महिनाभर कुजवायचा, कुजताना त्यातून गॅस निघतो, मग वाफ्यांवर पसरून वाळवायचा. टाकीला रोज थोडा नवा गाळ भरवायचा. पण तिचंही पोट बिघडतं. आतलं सगळं आंबायला लागतं. तेव्हा लगेच भरवणं थांबवून चुना द्यायचा, नाहीतर टाकी बसलीच म्हणून समजा, पुढे तीन महिने बोंब. तपासणीचा कागद बाहेरून यायला चार दिवस लागतात. तोवर भरवसा नाकाचा.

रोज संध्याकाळी मी चमचाभर गाळ घट्ट झाकणाच्या डबीत घालून घरी न्यायचो. मागच्या दारात उभी राहून ती डबी हातभर लांब धरायची. “आज बरंय, ओल्या मातीसारखं.” नाहीतर, “आंबलंय हो. चुना टाका म्हणावं.” आणि वर ठेवणीतलं एक वाक्य, “दुसऱ्यांचे नवरे येताना काय काय घेऊन येतात, आणि आमचं ध्यान बघा.” सकाळी मी तेच ऐटीत साहेबांना सांगायचो. तिचं नाव एकदाही घेतलं नाही. आता त्याची लाज वाटते.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तापाचं निमित्त झालं. आता घरात मी एकटा. भाजी करपली तरी धूर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि लागला तरी ओरडायला कोण आहे? डबी मात्र अजून आणतो. मागच्या पायरीवर ठेवतो, थोडा वेळ उभा राहतो, आणि सकाळी जाऊन “ठीक आहे” म्हणून ठोकून देतो. नशिबाने आजवर ठीकच होतं.

कपाटात तिचा हिरवा स्वेटर आहे. आजारपणात अंगात होता तोच, न धुतलेला. त्यात तिचा वास आहे. मला येत नाही, पण आहे, एवढ्यावर माझं चाललंय. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालून पिशवीत बांधून ठेवलाय.

गेल्या सोमवारी इंजिनिअर मॅडम टाकीपाशी आल्या. माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी, नवीनच आलेली. “काका, दोन दिवस गॅस कमी येतोय. भरवू की थांबवू? तुम्ही म्हणाल तसं.”

मी डबी उघडली, नाकाशी धरली, डोळेसुद्धा मिटले. सवयीचं सोंग. ‘ठीक आहे’ अगदी ओठांवर आलं होतं. पण टाकी बसली असती तर तिने इतकी वर्षं राखलेलं सगळं मी एका शब्दात मातीत घातलं असतं.

“मॅडम, मला वास येत नाही,” मी म्हणालो. “चोवीस वर्षं झाली. माझी बायको घ्यायची.” आणि सगळं सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. डबी हातात घेतली.

“जे येईल ते सांगायचं,” मी बजावलं. “वासाच्या बाबतीत भीड ठेवायची नाही. भीड ठेवली की टाकी गेली.”

“आंबट आहे काका. चांगलंच आंबट.”

भरवणं थांबवलं, चुना दिला. शनिवारपर्यंत गॅस पुन्हा पूर्ववत झाला. त्या दिवशी मी पिशवी घेऊन गेलो. रात्रभर विचार केला होता. हे काम सांगायला दुसरं माणूसच नव्हतं मला.

“माझ्या बायकोचा स्वेटर आहे,” मी म्हणालो. “तिचा वास कसा आहे, तेवढं सांगा. मी विसरत चाललोय.”

त्यांनी हात धुऊन पुसले आणि स्वेटर बाहेर काढला. गळ्यापाशी नाक नेलं. मग बाहीपाशी. मग आतून.

“काका, यात डांबरगोळ्या ठेवल्या होत्या का?”

“हो. कसर लागू नये म्हणून.”

त्यांनी पुन्हा एकदा, बराच वेळ, स्वेटर तोंडाशी धरला.

“त्याच्याशिवाय काही?” मी विचारलं.

“नाही काका. फक्त गोळ्यांचाच येतोय.”

खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं. पण भीड ठेवायची नाही, हे मीच शिकवलं होतं.